आधी मिळालेलं

रुमाल मी खिडकीतून बाहेर फेकला, तिकिटाची मशीन पोटाशी ओढली आणि वळले, तेवढ्यात मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "हे तर रुमाल टाकून जागा धरल्यावानीच झालं की." मला वाटलं, माझंच कौतुक चाललंय. बीड स्टँडला सकाळची पाटोदा गाडी लागली की खालूनच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत येऊन पडतात. एकानं तर एकदा स्वतःचं लेकरूच आत सोडलं होतं. मग ही मंडळी निवांत चहा पिऊन येणार आणि धक्के खात आधी चढलेल्या म्हाताऱ्याला म्हणणार, उठा, जागा आमची हाय. माझ्या गाडीत हे चालत नाही. रुमालानं तिकीट काढलंय का, असं मी विचारते आणि रुमाल आला त्या वाटेनं परत घालवते. त्यावरून भांडणं झाली, एकदा डेपोत तक्रार गेली, साहेबांनी बोलावून घेतलं, म्हणाले, विमलबाई, जरा दमानं. मी म्हणलं, साहेब, दमानं घेतलं तर गाडी रुमालांनी भरंल आणि माणसं खाली ऱ्हातील. साहेब हसले, तक्रार फाईलीत गेली. तर तो माणूस. तो माझ्याकडं बघतच नव्हता. शेजारी बसलेल्या बायकोच्या हातातल्या मोबाईलकडं बोट करून बोलत होता, आणि अर्ध्या गाडीला ऐकू जाईल असं बोलत होता. "आपल्याला बुरूजचं नवं अपडेट पुढच्या आठवड्यात. आन् ह्या लाईव्हवाल्यांना आजच! कावून? ते काय आभाळातून पडले का? ती बीडची सायली म्हणं आज सांच्याला नवा नकाशा खेळून दाखवणार. ती खेळणार आन् आपण बघत बसायचं."

ती बीडची सायली म्हणजे माझी लेक. गाडी तोवर स्टँडाबाहेर पडली होती, एका हातानं मी वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात कुणाची तरी नोट, आणि मला एकदम सुचेना की हा नोटवाला कुठं उतरणार म्हणाला होता. जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल फेकले, आता माझ्याच घरातला रुमाल कुणीतरी दोन बोटांत धरून सगळ्या गाडीला दाखवतंय, असं झालं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खरं सांगायचं तर राग आला त्याच्याही आधी मला बरं वाटलं. पाटोद्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, परक्या माणसाच्या तोंडात माझ्या पोरीचं नाव! बीडची सायली. बापाचं नाव नाही, आडनाव नाही, नुसतं गाव आणि ती. असं नाव आमच्या सात पिढ्यांत कुणाचं झालं नव्हतं.

बुरूज हा मोबाईलवरचा खेळ. दोन टोळ्या, मधे गढी, एकमेकांचे बुरूज घ्यायचे. मला एवढंच कळतं, आणि कोण कुणाला मारायलंय ते अजूनही कळत नाही. हैदराबादकडची कंपनी आहे. मध्यंतरी त्यांच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता की खेळात नवीन भाग येतोय, नवा नकाशा, नदी आहे, पूल आहे, आणि तो सगळ्यांना देण्याआधी काही निवडक जणांना देणार, त्यांनी तो लाईव्ह खेळून दाखवायचा, म्हणजे बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटंल. त्या निवडक जणांत आमची सायली. मराठवाड्यातून ती एकटीच. अट एकच, खेळायचं तिचं तिनं. त्या आठवड्यात फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला दिसला तर यादीतून नाव कायमचं बाद. सायलीनं हे मला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगितलं आणि म्हणाली, "आई, कळलं का तुला? सगळ्यांच्या आधी. मला." मी म्हणलं, कळलं की, मी काय अडाणी हाय का. आणि पाठ फिरवून पिठाच्या डब्यात हात घातला, कारण डोळे भरले होते आणि ही पोरगी एकदा चिडवायला लागली की थांबत नाही.

चिडवायचा तिचा धंदाच आहे. पोलीस भरतीत ती उंचीला कमी पडली, बोटभर. दोन वर्षं पहाटे पळाली होती मैदानावर, गुडघे फोडून घेतले होते, आणि टेपपाशी बोटभर कमी. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडली. तिचे पप्पा साखर कारखान्यावर फिटर, हंगामभर तिकडंच, मी ड्युटीवर. घरात ती आणि मोबाईल. एक दिवस मी आले तर आतून बोलण्याचा आवाज. दार ढकलून बघते तर ही एकटीच, कानाला हेडफोन, आणि खेळता खेळता बडबडायली, "आरं त्या भितीमागं कोन लपलंय बघा, कसं लाजायलंय, नवरदेव हाय का बे तू?" मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. मग कळलं की पलीकडं माणसं ऐकायलीत. सुरुवातीला लोक काय काय लिहायचे. एकानं लिहिलं, ताई, जाऊन भाकरी थाप. हिनं खेळ न थांबवता उत्तर दिलं, "थापती की. तू कालवण घेऊन ये." त्या रात्री म्हणे तो माणूस शेवटपर्यंत बसून होता आणि दुसऱ्या दिवशी आणखी दहा जणांना घेऊन आला. कोल्हापूरचे, अकोल्याचे, दुबईत गाड्या चालवणारे आपले लोक, सगळे हिचं बोलणं ऐकायला येतात. शाळेत असताना बाईंनी तिला वर्गात उभं करून सांगितलं होतं, 'न्हाई' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. ती रडत आली होती. आता त्याच न्हाईवर ती उभी आहे, आणि मी मात्र समोरच्या वत्सलाबाईंनी विचारलं की पोरगी काय करती, तर सांगते, कंप्युटरचं काम करती. गेम खेळती असं तोंडातून निघत नाही. अभिमान पोटात एवढा की जेवण कमी जावं, आणि ओठावर कंप्युटर.

"वशिला असंल," मागच्या सीटवरचा म्हणाला. "न्हाईतर थोबाड बघून दिलं असंल."

मी घंटीची दोरी ओढली. तानाजी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि आरशातून माझ्याकडं बघितलं, कारण तिथं थांबाच नव्हता, नुसतं माळरान आणि एक बंद पडलेला ढाबा. मी मागं गेले. माणूस माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, अंगावर पीठ उडालेलं, भुवयांवर सुद्धा. गिरणीवाला असणार हे कुणीही सांगितलं असतं. बायको शेजारी, मांडीवर पिशवी. मी म्हणलं, "वशिला कुणाचा? नाव सांगा."

"काय ओ ताई?"

"सायलीला वशिला हाय म्हणलात ना आत्ता? कुणाचा हाय? आमदाराचा का खासदाराचा? तिची आई इथं खाकी घालून तुमची तिकिटं फाडायली, तिचा बाप कारखान्यात मशिनीखाली झोपायला. वशिला कुठून आणंल ती?"

कुणीतरी पुढून म्हणालं, आरं बाबा, आई हाय तिची. माणूस उठून उभा राहिला, कसं उठावं ते न कळून अर्धाच उठला आणि डोकं वरच्या फळीला लागलं. "चुकलं ताई. म्या तसं न्हाई म्हणलो. आमी रोज बघतो तिला. ही सुनिता, माझी मंडळी, ही तर दळण टाकून बघत बसती. म्या राधाकिशन. गिरणी हाय आमची." मग डोकं चोळत, पण मागं न हटता म्हणाला, "तिला राग न्हाई ओ. कंपनीचा राग हाय. आमी पयल्या दिवसापासून खेळायलो, आमचं कुणी नावबी घेतंय का? तुमीच आत्ता रुमाल फेकला ना? कावून फेकला मग?"

मला उत्तर नसलं की मी बोलते, हा माझा जुना स्वभाव. "माझ्या पोरीला मिळालंय ते ती एकटी खाणारी न्हाई," मी म्हणलं. "आज सांच्याला घरी या दोघं. नगर रोडला पाण्याच्या टाकीमागं, कुणालाबी विचारा, कंडक्टरबाईचं घर. बसा आन् खेळा. आमच्यात आधी मिळालेलं झाकून ठेवत न्हाईत."

सुनिता पहिल्यांदा बोलली. "खरंच येऊ का ओ?" असं तिनं विचारलं, इतकं हळू की मला खाली वाकावं लागलं. "यावंच लागंल," मी म्हणलं, आणि दोनदा घंटी मारली, आणि गाडी निघाली.

मांजरसुंब्याच्या घाटात गाडी पहिल्या गियरवर कण्हत चढते तेव्हा कुणी बोलत नाही. त्या आवाजात मला माझंच बोलणं परत ऐकू आलं. बसा आन् खेळा. फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर नाव बाद, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी म्हणून बसले. माझं स्वतःचं असतं तर मी कुणालाही वाटून टाकलं असतं, पण मी पोरीचं ताट उचलून दिलं होतं. आणि तेही कशासाठी? गाडीतल्या लोकांनी म्हणावं की बाई काय बोलली! मी हिशोब लावत राहिले की कसं निस्तरायचं. ते येणारच नाहीत. गिरणी टाकून कोण येतं? नुसतं बसून बघतील, चहा घेतील, जातील. मग वाटलं, नाही, ती बाई येणार. यावंच लागंल म्हणल्यावर तिचा चेहरा जसा झाला होता, तो मला ओळखीचा होता.

माहेरी, नांदूरघाटला, आमच्या शेतात हुरडा निघाला की पहिला दिवस माझा सगळा वाईट जायचा. आई, मंजुळाबाई तिचं नाव, पहिली कणसं भाजून, चोळून, पाखडून टोपलीत भरायची आणि ती टोपली माझ्या हातात. आधी गुरवाकडं, मग मास्तरांकडं, मग शेजारी, मग जिच्याशी भांडण आहे त्या काकूकडं सुद्धा. वानवळा. गरम कोवळ्या ज्वारीचा वास नाकात, तोंडाला पाणी, आणि एक दाणा तोंडात टाकायची सोय नाही. प्रत्येक घरी टोपलीतलं काढून घेत आणि रिकामी टोपली कुणी परत देत नसे. कुणी गुळाचा खडा, कुणी दोन बोरं, काहीच नसलं तर मूठभर पीठ, पण काहीतरी टाकूनच देत. मी एकदा चिडून विचारलं होतं, आपल्या रानातलं हाय ना, मग आपण आधी कावून खायचं न्हाई? आई चुलीत फुंकत होती. धुरानं डोळे मिटलेले, तशीच म्हणाली, "आपल्याला आधी मिळालंय म्हणून." मला ते उत्तर पटलं नव्हतं. त्याच वर्षी मी केजला शाळेत जायला लागले, यष्टीनं, आणि रोज उभ्यानं. कारण सगळ्या सीटांवर मोठ्या घरच्या पोरांचे रुमाल. पोरं मागून यायची, रुमाल उचलायची, झटकायची आणि बसायची. जागा रिकामी आहे आणि आपण उभे आहोत, हे किती वेळ बघत राहावं लागतं ते उभं राहिलेल्यालाच कळतं. राधाकिशन तेच म्हणत होता, आणि सुनिताच्या चेहऱ्यावरही तेच उभं राहणं होतं. आणि मी त्याला काय सांगणार होते, की माझी पोरगी रुमाल टाकत नाही, तिच्यासाठी कंपनीनंच टाकलाय?

पण माझ्या आतलं दुसरं कुणीतरी उठून भांडायला लागलं. का म्हणून नाही घ्यायचं तिनं? बोटभर उंचीनं जिला रांगेतून बाहेर काढलं, तिला कुणीतरी म्हणालं की तू ये पुढं, तर तिनं काय म्हणायचं, नको, मी मागंच बरी? आमच्या घरातल्या कुणाला कधी कुणी आधी बोलावलंय? लग्नाच्या पंगतीत सुद्धा आम्ही दुसऱ्या वाढणीला. एकदा तरी माझं लेकरू पहिल्या पंगतीत बसलं तर बसू दे ना! पाटोद्याला गाडी लागली, माणसं उतरली, राधाकिशननं उतरताना मला नमस्कार केला, आणि मी तशीच मशीन पोटाशी धरून उभी. तानाजी खाली तंबाखू मळत होता. म्हणाला, "विमलबाई, घंटी बिनथांब्याची मारली आज तुमी. पयल्यांदाच." मी म्हणलं, तुमी गाडी बघा.

दुपारी घरी आले. सांगायचं म्हणून आले होते. सायली पडदा लावत होती, निळा, इस्त्री केलेला, गोल दिवा पुसून ठेवलेला, केस धुतलेले. मी म्हणलं, "सायले." ती म्हणाली, "आई, हे बघ, टोक धर," आणि मी पडद्याचं टोक धरलं. मग जेवताना म्हणायचं ठरवलं. जेवताना ती बोलायला लागली की नव्या नकाशात नदी कशी आहे, पुलावरून कुणीही जाईल पण ती पाण्यातून जाणार, तिनं सरावाला सकाळी बघून ठेवलंय. आणि घास हातात तसाच. एवढी आनंदात मी तिला भरतीच्या आधी बघितली होती, त्यानंतर नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच की, भाजी घे अजून. मग ती आत गेली, दार लोटलं, आणि मी बाहेर भांडी घासत तिची तालीम ऐकत राहिले. "नमस्कार मंडळी. काय म्हंतेत? जेवलात का न्हाई?" पुन्हा. "नमस्कार मंडळी." आवाज जरा खाली घेऊन पुन्हा. मी तवा घासायचा थांबवला, आवाज होऊ नये म्हणून. गाडीत चाळीस माणसांवर ओरडायला मी कधी घाबरले नाही, पण त्या लोटलेल्या दारावर टकटक करायला माझा हात होईना.

ऊन उतरलं आणि बेल वाजली. दारात राधाकिशन, इस्त्रीचा सदरा, भुवया धुतलेल्या. आणि सुनिता, ठेवणीतली साडी, केसात आबोली. हातात पिशवी. तिनं ती माझ्या हातात दिली तर आत हरभऱ्याचे डहाळे, ओले, मुळाची माती झटकलेली. "पयलाच उपटलाय," ती म्हणाली. "आमच्या घरात अजून कुणी तोंड लावलं न्हाई. म्हणलं, आधी सायलीला." माझ्या हातातून पिशवी सुटायची राहिली. वानवळा घेऊन आले होते ते, आणि कुणाच्या घरी, तर जिनं झाकून ठेवत न्हाईत म्हणून तोंड वाजवलं तिच्या घरी.

सायली आतून बाहेर आली. लाईव्हला अजून थोडा वेळ होता. तिनं त्या दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कोण गं आई?" राधाकिशननंच सांगून टाकलं सगळं, हसत हसत, चूक स्वतःवर घेत, की मी गाडीत नको ते बोललो, ताईंनी माझी जिरवली आणि वर म्हणाल्या, घरी या, बसा आन् खेळा. "आमी काय खेळणार ओ, नुसतं हात लावून बघू," असं म्हणाला. सुनिता सायलीकडं बघत होती, देवळात गेल्यावर बघतात तसं. सायलीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मी बघितलं ते. तिला सगळं कळलं होतं, अटीचं मला माहीत होतं हेही, आणि तरी मी बोलले होते हेही.

मग मी जे आयुष्यात कधी केलं नाही ते करायला निघाले. साहेबांसमोर नाही, नवऱ्यासमोर नाही, कुणासमोर मी शब्द गिळलेला नाही, पण तिथं दारात उभी राहून मी म्हणलं, "राधाकिशनभाऊ, ऐका, माझं चुकलं. तो फोन तिच्याबिगर कुणी—" पुढचंही मी म्हणणार होते, पोरीसाठी मी म्हणलंच असतं.

"आई, तू गप," सायली म्हणाली. इतक्या जोरात ती माझ्याशी कधी बोलली नाही. मग पुढं होऊन तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, एक डहाळा काढला, घाटा सोलला, हिरवा हरभरा तोंडात टाकला, सावकाश चावला. "गोड हाय," असं ती म्हणाली. "चला वैनी, आत चला. पडद्यासमोर बसायचं हाय, पदर नीट घ्या."

मी तिच्या मागं गेले, दंड धरला, कानात म्हणलं, सायले, नाव जाईल गं. तिनं माझा हात काढला, हळूच. म्हणाली, "पिशवी रिकामी पाठवतेत का आपल्यात?"

लाईव्ह सुरू झालं. माणसं येत होती, आकडा वर चढत होता, तिच्या तोंडावर त्या गोल दिव्याचा उजेड. "नमस्कार मंडळी. काय म्हंतेत? जेवलात का न्हाई? आज नवा नकाशा मला आधी मिळालाय, तुमाला म्हाईतच हाय, आन् निम्मे लोक त्यावरून मला शिव्या देऊन आलेत, तेबी म्हाईत हाय. बरोबर हाय तुमचं. तर आज पयल्यांदा नदी मी वलांडणार न्हाई. ह्या सुनितावैनी. ह्यांची गिरणी हाय पाटोद्याकडं. ह्या तुमच्यावानीच रोज बघत बसतेत. आज ह्या खेळतील, आपण बघू." आणि तिनं फोन सुनिताच्या हातात दिला. सगळ्यांसमोर. लपवून नाही, चुकून नाही. दोन्ही हातांनी दिला, हळदी-कुंकवाला वाण देतात तसा.

पहिल्यांदा सुनिता पुलापर्यंतच पोचली आणि मेली. लोक हसले असतील, मला ते लिहिलेलं वाचता येत नव्हतं, डोळ्यासमोर पाणी होतं. सायली म्हणाली, "वैनी, पुलावर समदेच मरतेत, पुन्हा." आणि ती शेजारी बसून बोलत राहिली, आपल्या नेहमीच्या बोलण्यात, गिरणीवाल्या बाईला पाण्याची काय भीती, दळणाला पाणी लागत न्हाई म्हणून काय झालं, आणि सुनिता हसायला लागली, आणि हसता हसता ती पाण्यात उतरली. खेळातला तिचा माणूस पाण्यातून चालला होता, छातीपर्यंत, वर सूर्य बुडायला आलेला. खोटं पाणी, खोटा सूर्य, पण मी जवळ सरकून बघायला लागले. पलीकडच्या काठाला लागल्यावर तिनं फोन मांडीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "आमी लोकाचंच बघत बसतो ओ रोज," एवढंच ती म्हणाली. राधाकिशन दाराला टेकून उभा होता. सायलीनं त्याला खूण केली, या, तुमी खेळा आता. तो मान हलवून म्हणाला, "मला नको. हिला दिलं ना, बास झालं."

ते दोघं जायच्या आधीच कंपनीच्या बाईंचा फोन आला. सायलीनं स्पीकर लावला, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कुणास ठाऊक. बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, सायली, आम्ही पाहिलं. प्रेक्षकांना आवडलं, आम्हालाही आवडलं, पण अट ती अट, नवा भाग तुमच्या खात्यातून आत्ताच काढतोय आणि पुढच्या यादीत तुमचं नाव नसेल. चुकून झालं असेल तर तसं लिहून द्या, मी वर बोलून बघते. मी हात जोडून पोरीकडं बघितलं, खुणेनं सांगितलं, म्हण, चुकून झालं, आई अडाणी हाय म्हण, काहीही म्हण. सायलीनं माझ्याकडं बघतच उत्तर दिलं. "चुकून न्हाई झालं मॅडम. माझ्या आईनं शब्द दिलता."

सुनितानं रिकामी पिशवी छातीशी धरली होती. ते गेल्यावर आम्ही दोघी डहाळे घेऊन ओट्याशी बसलो, सोलत. मी कितीदा तरी तोंड उघडलं, माफी मागायला, आणि प्रत्येक वेळी तिनं माझ्या तोंडात हरभरा टाकला. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. तिचं नाक लाल होतं, आणि निळा पडदा तिनं त्या दिवशी काढलाच नाही, तसाच लटकू दिला. पण पाठ ताठ होती. भरतीहून आली तेव्हा जी पाठ भिंतीकडं वळली होती ती ही नव्हे. मला एकदम वाटलं की ही पोरगी मी घडवलेलीच नाही, ही माझ्यापेक्षा वरची निघाली. मी शब्द बोलायला शिकले, ही तो पाळायला शिकली, आणि तेही माझा. पोटात दुखावं इतकं मला छान वाटत होतं. कंपनीनं दहा वेळा यादीत घातलं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

सकाळी गाडी लागली. गर्दी नेहमीचीच. तानाजी स्टिअरिंगवर हात ठेवून मागं वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "विमलबाई, काल पोरीचं ते... काय झालं म्हणं?" कुणाच्या घरी कुणी वारलं की विचारतात तसं विचारलं त्यानं. माणसं कान देऊन होती. मी मशीन खांद्यावर नीट केली, मधल्या वाटेत उभी राहिले.

"काढलं तिला," मी म्हणलं. "माझी सायली गेम खेळती. यादीतून नाव काढलं तिचं काल." मागच्या सीटवर कुणी तरी फोनवर बोलत होतं, त्याला ऐकू गेलं नसणार असं वाटलं, म्हणून मी आवाज चढवून ते पुन्हा सांगितलं.